बुटक्याचा नकाशा

प्रोग्राम माणूस शब्दांत लिहितो, पण कॉम्प्युटरला कळतात फक्त ० आणि १. म्हणून कंपायलर त्या शब्दांची 'बायनरी' फाइल बनवतो. आता प्रोग्राम मध्येच अडला, तर चूक मूळच्या कुठल्या ओळीत आहे हे कसं कळणार? त्यासाठी फाइलमध्येच एक नकाशा ठेवता येतो. अशा नकाशाच्या एका पद्धतीचं नाव आहे 'ड्वार्फ', म्हणजे बुटका! फाइलच्या रचनेचं नाव 'एल्फ', परीकथेतला चिमुकला. त्याच्या जोडीला गमतीनं हा बुटका आला. त्याची पाचवी आवृत्ती २०१७ साली निघाली.

हा नकाशा वाचून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे 'ड्वार्फडम्प'. पण तोच चुकला तर? चूक शोधणारा भलत्याच ओळीत शोधत बसेल! म्हणून त्यात बदल केला, की साठवलेल्या नमुना-फाइल्स त्याला पुन्हा वाचायला देतात आणि उत्तरं जुन्या उत्तरांशी ताडून पाहतात. ही 'रिग्रेशन टेस्ट'. फरक दिसला, की माणूस तपासतो : नवं चुकलं, की जुनंच चुकीचं होतं?

नमुन्यांत बिघडलेल्या फाइल्सही असतात बरं का! तिथे प्रोग्रामनं कोलमडायचं नाही. 'फाइल खराब आहे' एवढं नीट सांगायचं.

करून पाहा : ११ नं गुणायची युक्ती आहे, दोन्ही आकड्यांची बेरीज मधे लिहा. ४५ चे झाले ४९५. बरोबर! आता ५७ घ्या. ५१२७? छे, उत्तर आहे ६२७! हातचा राहिला. म्हणून नमुन्यांत सोपी गणितं हवीत, तशी अडवणारीही हवीत.