फुल टू फेल्ट!

सकाळी साडेनऊला ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक नजर टाका. ग्रे, ब्लॅक, नेव्ही ब्लू, पुन्हा ग्रे. गळ्यात आयकार्डाची दोरी, हातात डबा आणि चेहऱ्यावर 'आज मंगळवारच आहे?' असा भाव. अशा गर्दीत एखादीच्या जॅकेटच्या कॉलरवर मरून रंगाचं, मऊ, जुन्या वळणाचं फूल दिसलं, की माना आपोआप वळतात. पाचवा मजला येईपर्यंत कुणीतरी विचारतंच, 'ए, कुठून घेतलंस?' यावरचं सगळ्यात कूल उत्तर म्हणजे, 'घेतलं नाही, केलंय!'

या फुलाचं नाव कॉर्साज. शब्द मूळचा फ्रेंच. आधी त्याचा अर्थ होता झग्याचा वरचा, छातीवरचा भाग. मग तिथे खोवायच्या फुलांच्या गुच्छालाही तेच नाव पडलं. आपला गजरा केसांत, तर त्यांचा कॉर्साज कॉलरवर किंवा खांद्यावर. पण खऱ्या फुलांचा कॉर्साज गजऱ्यासारखाच, रात्री घरी येईपर्यंत मान टाकतो. म्हणून कापडाची फुलं आली. शनेलची कमेलिया तर जगभर गाजली. २००० च्या सुमारास 'सेक्स अँड द सिटी'मधल्या कॅरीनं भलंमोठं फूल लावलं आणि ही फॅशन पुन्हा जोरात आली.

आज ज्या व्हिंटेज फुलाबद्दल बोलायचंय, ते मात्र पॅरिसच्या शोरूममधलं नाही. ते रेशनच्या कूपनांतून उगवलेलं आहे.

सहासष्ट कूपनं आणि एक वर्ष

१ जून १९४१. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग लागलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं. लोकरीच्या ड्रेसला ११, बायकांच्या बुटांना ५, स्टॉकिंग्जच्या जोडीला २. करा हिशेब! पुढे कूपनं कमीच होत गेली. १९४२ मध्ये आणखी नियम आले. ड्रेसला जास्तीत जास्त दोन खिसे, पाच बटणं, चुण्याही मोजून. भरतकाम, लेस वगैरे शोभेच्या कामाला बंदी. नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीज यांच्यासारख्या बड्या डिझायनर्सनी सुद्धा त्या काळात हे साधे 'युटिलिटी' कपडे डिझाइन केले. १९४३ मध्ये सरकारनं 'मेक डू अँड मेण्ड' नावाची पुस्तिका काढली. थोडक्यात काय, तर आहे त्यात भागवा आणि फाटलं तर सांधा.

बायकांनी सांधलं. पण नुसतं सांधून गप्प बसतील त्या बायका कसल्या! शोभेच्या कामावरची बंदी कारखान्यातून येणाऱ्या कपड्यांना होती. घरी चिंध्यांतून केलेल्या फुलाला कसली बंदी? जुन्या फेल्ट हॅटची कड, विटलेल्या कोटाचा तुकडा, धुऊन आटलेला स्वेटर. त्यातून पाकळ्या कापल्या, मध्ये एक बटण लावलं आणि कॉलरला टाचलं. तोच कोट, तिसऱ्या वर्षी, पण फूल नवीन. कपड्यांचं रेशनिंग उठलं ते १५ मार्च १९४९ ला, म्हणजे युद्ध संपून जवळजवळ चार वर्षं झाल्यावर. तोवर अशा फुलांनी बऱ्याच कोटांची लाज राखली.

फेल्टच का?

कारण फेल्ट विणलेलं नसतं. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि भरपूर चोळाचोळ झाली, की तंतू एकमेकांत सरकतात, खवले अडकतात आणि परत सुटत नाहीत. म्हणूनच लोकरी स्वेटर चुकून गरम पाण्यात गेला, की बाळाच्या मापाचा होऊन बाहेर येतो. घरोघरी ज्याला 'वाट लागली' म्हणतात, तेच फेल्ट!

याचा फायदा असा, की कुठेही कापा, दोरे निघत नाहीत. कड दुमडायला नको, हेम घालायला नको. कापली की झाली पाकळी. शिवणकामाचा गंध नसलेल्यांसाठी याहून सोपं कापड नाही.

स्टेशनरीच्या दुकानात रंगीत फेल्टचे शीट्स मिळतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आजूबाजूला, पुण्यात बोहरी आळीत चक्कर मारलीत तर रंगच रंग दिसतील. पण त्यातले बहुतेक पॉलिएस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक असतात. शाळेच्या प्रोजेक्टला ठीक, पण चकाकी येते आणि वापरून वापरून गोळे धरतात. जुन्या फुलांचा तो दबका, मऊ लूक हवा असेल तर लोकरच हवी. ती बहुधा तुमच्याच घरात आहे. माळ्यावर, बॅगेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात.

कात्री लावायची कुणी?

इथेच खरी गोची आहे. युद्धकाळात ब्रिटनमधल्या बायकांनी नवऱ्यांचे सूट उसवून स्वतःसाठी कोट-स्कर्ट शिवले. नवरा आघाडीवर. तो परत आल्यावर त्याला हा सूट लागेल का, हा प्रश्न कात्री हातात घेताना मनात आलाच असणार. आपल्याकडे युद्ध नाही, कूपनं नाहीत. पण न वापरता येणारा आणि टाकताही न येणारा एखादा कपडा प्रत्येक कपाटात असतो.

आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या घरी असाच एक स्वेटर होता. राखाडी, बिनबाह्यांचा, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तिच्या आईनं बाबांसाठी विणलेला. बाबा जाऊन चार वर्षं झाली. दर दिवाळीच्या साफसफाईत स्वेटर बाहेर यायचा, उन्हात पडायचा, परत पिशवीत जायचा. गेल्या वर्षी काढला तर पाठीला कसर लागलेली. चांगली सात-आठ भोकं.

मैत्रीण म्हणाली, 'आई, याचं फेल्ट करते. फुलं करू. नाहीतर सगळाच जाईल.'

आई म्हणाली, 'नको.' एवढंच. कारण दोन दिवसांनी सांगितलं. 'गरम पाण्यात घातलास तर त्यांचा वास जाईल गं.'

आता यावर काय बोलणार? वास तर जाणारच. आणि कसर काही दुःख बघून थांबत नाही, ती पिशवीतही कुरतडत राहते. दोघींचंही बरोबर होतं आणि म्हणूनच आठवडाभर घरात कुणी त्या स्वेटरचं नाव काढलं नाही.

मग एका रविवारी आईनंच तो मांडीवर घेतला. 'मी विणलाय. शिवण कुठे आहे ते मला ठाऊक आहे,' म्हणाली. आधी गळ्याची आणि मुंढ्यांची पट्टी उसवली, मग खांदे, मग दोन्ही बगला. तासाभरात पुढचा भाग एकीकडे आणि पाठ एकीकडे. कात्री लागलीच नाही. पुढचा भाग, चहाच्या जुन्या डागासकट, न धुता एका घट्ट बंद पिशवीत गेला आणि ती पिशवी दोन आठवडे फ्रीझरमध्ये, मटारच्या पाकिटाशेजारी. थंडीनं कसरीच्या अळ्या मरतात, वास जात नाही. म्युझियमवाले सुद्धा जुने लोकरी कपडे असेच गोठवून वाचवतात. पाठ मात्र बादलीत गेली.

तीन फुलं झाली. एक आईच्या शालीवर, एक मैत्रिणीच्या जॅकेटवर. तिसरं भावाला पाठवलं. तो ते लावत नाही, पण लॅपटॉपच्या बॅगेत आतल्या बाजूनं टाचून ठेवलंय.

सांगायचा मुद्दा, 'ठेवू की कापू' असा प्रश्न पडला तर लगेच उत्तर देऊ नका. आधी कपडा उलटा करून शिवण शोधा. काय जपायचं आणि काय वापरायचं, हे बहुतेक वेळा वेगवेगळं काढता येतं. आणि घरच्यांना विचारल्याशिवाय कात्रीला हात लावू नका. प्लीज!

स्टेप बाय स्टेप

आधी लोकर खरी आहे का बघा. एक धागा काढून सिंकवर चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्यासारखा वास आणि चुरडणारी राख, म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. ते जन्मात आटणार नाही. लेबलवर 'सुपरवॉश' लिहिलं असेल तर तेही बाद.

स्वेटर उशीच्या अभ्र्यात घालून, बरोबर एखादी जुनी जीन्स टाकून, मशीनमध्ये साठ डिग्रीला धुवा. अभ्र्याचं तोंड बांधायला विसरू नका, नाहीतर लोकरीचा चोथा मशीनमध्ये अडकतो. मशीन नसेल तर गरम पाणी, साबण, रबरी हातमोजे आणि मनातला सगळा राग! विणीचे टाके दिसेनासे झाले की फेल्ट तयार. सपाट पसरून वाळवा.

गुलाब: दहा सेंटिमीटरचं वर्तुळ कापा. बाहेरून आत, चकलीसारखी दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्टी कापत जा. मध्ये छोटा गोल शिल्लक ठेवा. आता बाहेरच्या टोकापासून गुंडाळायला घ्या आणि दर वेढ्याला बुडाशी एक टाका घाला. शेवटी उरलेला गोल बुडाला झाकणासारखा बसवून शिवून टाका.

शेवंती: पंधरा बाय तीनची पट्टी लांबीतून दुमडा आणि उघड्या कडा धावदोऱ्यानं जोडा. दुमडलेल्या बाजूनं जवळजवळ काप द्या, शिवणीपर्यंत जाऊ न देता. गुंडाळली की भरगच्च शेवंती! तुमच्या स्वेटरचं फेल्ट जाड झालं असेल, तर पट्टी थोडी रुंद घ्या.

पाच पाकळ्यांचं फूल: तीन सेंटिमीटरच्या पाच पाकळ्या कापा. सगळ्यांच्या बुडातून एकच धावदोरा न्या, ओढा, गाठ मारा. मध्ये जुनं बटण. आईच्या बटणांच्या डब्यातलं असेल तर उत्तमच.

दोन पानं कापा आणि मधली शीर उलट्या टिपेनं काढा. दोरा भरतकामाचाच घ्या, सहा पदरांतले दोन पुरतात. फुलं आणि पानं एका चार सेंटिमीटरच्या गोलावर शिवा. तसाच दुसरा गोल मागून लावायचा. त्याला आधी दोन बारीक चिरा देऊन ब्रोचची पिन ओवून घ्या आणि कडेनं काज टाका घाला. ग्लू गन टाळा. गोंद पुढे पिवळा पडतो, सुटतो आणि मग दुरुस्ती करता येत नाही. टाका कधीही उसवून परत घालता येतो.

पहिल्या फुलाला दोन-अडीच तास धरा.

लावायचं कसं?

जॅकेटवर डाव्या कॉलरला, साधारण खांद्याच्या हाडाखाली. कॉटनच्या साडीवर पदर जिथे खांद्याला पिन करतो तिथे, म्हणजे पिन लपते आणि साडीही सजते. पातळ कुर्त्यावर फूल लोंबतं, म्हणून कापडाच्या आतल्या बाजूनं फेल्टचा छोटा तुकडा ठेवून त्यातून पिन घाला. एका वेळी एकच फूल, आणि त्या दिवशी मोठे झुमके नकोत. पावसात लावू नका. ओल्या लोकरीचा वास मीटिंगभर पुरतो!

आणि मुलांनो, हे फक्त मुलींसाठी आहे असं समजून पान उलटलं असेल तर परत या. सूटच्या कॉलरला फूल लावायची पद्धत पुरुषांचीही आहे. पंडित नेहरूंचा गुलाब आठवा.

तर मग येत्या रविवारी दुपारी मॉलऐवजी माळा. खाली काय काय निघतं ते बघा आणि घरच्यांना बोलवा. त्या स्वेटरची गोष्ट त्यांनाच जास्त माहीत असते. फूल नीट जमलं नाही तरी ती ऐकून घ्या.