ॲव्हरेजचा हव्यास आणि राजदूतचा पिस्टन

आमच्या कृष्णाकाठच्या गावांतून दुधाच्या किटल्या लटकावलेली राजदूत अजून दिसते. पूर्वीसारखी दारोदार नाही, पण दिसते. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, आरएक्स-१०० देखील त्याच वर्षी थांबली, राजदूतही पुढे बंद झाली. कारखाने गेले, गाड्या मात्र राहिल्या. कुणाच्या दारात हौस म्हणून, आमच्यासारख्यांच्या दारात गरज म्हणून. या टू-स्ट्रोक गाड्यांचे आयुष्य सध्या दोन गोष्टींनी घटते आहे. एक आपला ॲव्हरेजचा हव्यास, दुसरे बदललेले पेट्रोल. दोन्हींची गाठ पडते ती कार्बोरेटरमध्ये.

आधी स्वतःची चूक सांगतो. वैशाखात गाडी गॅरेजला नेली आणि म्हटले, "मेस्त्री, पेट्रोल लई पितीय, जरा कमी करा." मेस्त्री म्हणाले, "करतो, पण मग तक्रार घेऊन येऊ नका." मी हट्ट धरला. त्यांनी स्लाइडमधली सुई एक खाच खाली घेतली, मेन जेट एक नंबर लहान घातला. ॲव्हरेज वाढले, मी खूश. मार्गशीर्षात उसाच्या ट्रॉल्यांमागून चढ चढताना इंजिनाने खर्रकन आवाज केला आणि मागचे चाक जागच्या जागी धरले. दोन किटल्या दूध रस्त्यावर. रिबोअर, नवा पिस्टन, नव्या रिंगा यांत दहा दिवसांचे दुधाचे बिल गेले. सहा महिन्यांत वाचवलेले पेट्रोल एका सकाळी व्याजासकट वसूल झाले. दोष मेस्त्रीचा नाही, माझाच.

असे का होते, हे प्रत्येक गाडीवाल्याने समजून घ्यावे. या इंजिनाला वेगळे ऑईल नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑईल हेच पिस्टनचे वंगण. पेट्रोल कमी केले की वंगणही कमी होते. शिवाय हवा जास्त, पेट्रोल कमी अशा मिश्रणाने इंजिन अधिक तापते. म्हणजे तापही वाढला आणि तेलही आटले. त्यात थंडीची हवा दाट असते, म्हणून उन्हाळ्यात कसेबसे चालणारे सेटिंग हिवाळ्यात दगा देते. काही जण यावर उपाय म्हणून ऑईलच जादा ओततात. पण जेटमधून जाणारा थेंब तेवढाच; त्यात तेल वाढले की पेट्रोल आणखी कमी झाले. पुस्तिकेत सांगितले तेवढेच ऑईल घालावे, ना कमी ना जास्त.

दुसरी खोड म्हणजे गाडी बिघडली की पहिला स्क्रूड्रायव्हर कार्बोरेटरलाच लावणे. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! आधी एअर फिल्टर धुवा, प्लग बदला, पॉइंटचा गॅप बघा, सायलेन्सरमधला कार्बन काढा, कार्बोरेटर आणि सिलिंडरमधले पॅकिंग हवा ओढते का ते तपासा. मग कार्बोरेटर. त्यातही क्रम आहे. बाजूचा एअर स्क्रू फक्त स्लोवर आणि थोड्या रेसपर्यंत चालतो. बहुतेक गाड्यांत तो पूर्ण आवळून दीड आट्याच्या आसपास सैल करतात. बाहेर काढला की हवा वाढते. मधल्या रेसचा कारभार सुईकडे, आणि मूठ पूर्ण पिळल्यावरचा मेन जेटकडे. चढाला गाडी दमते म्हणून एअर स्क्रू फिरवत बसणे व्यर्थ.

पेट्रोल बरोबर मिळते की नाही, ते प्लगच सांगतो. भरधाव चालवून, क्लच दाबून, इंजिन तिथेच बंद करावे आणि प्लग काढून बघावा. काळाकुट्ट ओला असेल तर पेट्रोल जास्त, विटकरी-चॉकलेटी असेल तर योग्य, पांढरा पडला असेल तर धोका. चोक थोडा ओढल्यावर पिकप सुधारत असेल, किंवा मूठ सोडूनही रेस खाली येत नसेल, तर समजावे की पेट्रोल कमी पडते आहे. अशा गाडीवर घाट चढू नये.

आता पेट्रोलविषयी. उसाच्या मळीतून आणि रसातूनही बनणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्के आहे. २०२२ साली ते १० टक्के होते. कारखान्याला त्यातून पैसा मिळतो, उसाचे बिल वेळेवर निघायला हातभार लागतो, म्हणून आम्ही ऊसवाले त्याच्या विरोधात नाही. पण एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. अर्थात जुना जेट, जुनी सुई तशीच ठेवली तरी मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते. त्यावर ॲव्हरेजसाठी आणखी पातळ केले, तर पिस्टन धरणारच. आपल्याच शेतातला ऊस आपल्याच गाडीच्या मुळावर यायचा! शिवाय इथेनॉल पाणी ओढते, जुन्या रबरी नळ्या-वॉशर फुगवते. पेट्रोल बाटलीत साठवू नये. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवावे.

हे सारे गाडीवाल्याला कुणी सांगितले? पंपावर इथेनॉलचे प्रमाण वाचता येईल अशा मोठ्या मराठी अक्षरांत लिहायला काय हरकत आहे? २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांना कार्बोरेटरच नाही, त्यामुळे नव्या पोरांना तो उघडायची वेळ येत नाही. प्लगचा रंग बघून आजार ओळखणारे मेस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. तालुक्याच्या आयटीआयने त्यांना महिन्यातून एक दिवस मानाने बोलवावे आणि पोरांच्या हातून सुई-जेट बदलून घ्यावेत. दूध संघांनीही गवळ्यांसाठी असा एखादा दिवस ठेवावा. खर्च चहापाण्याचा, फायदा कैक संसारांचा.

आणि आपण? आपण एवढेच करावे. मेस्त्रीला "पेट्रोल कमी करा" म्हणण्याऐवजी "प्लग बघून सांगा" म्हणावे. लिटरमागे चार किलोमीटर कमी पडले तर पडू द्यावेत. दूध डेअरीवर वेळेत पोचले पाहिजे.