काचेवरचा रंग आणि पगारातली कपात

गेल्या शनिवारी रात्री मागच्या गल्लीतल्या एक ताई आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. जयभीम झाला, चहा झाला, तरी पोरगा मान वर करीना. सहा महिन्यांपासून तो एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगच्या हाताखाली आहे. दुपारी एका गाडीच्या दरवाजाला रंग मारताना वारा सुटला आणि फवारा उडून शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर बसला. पुढची काच आणि बाजूच्या दोन काचा खरखरीत झाल्या. शेठ म्हणाले, काचा बदलाव्या लागतील, पैसे तुझ्या पगारातून.

आम्ही एवढेच विचारले, "काच फुटली का?" नव्हती फुटली. मग बदलायची कशाला? काच रंग पीत नाही. रंग तिच्यावर नुसता चिकटून बसतो. पत्र्यावर उडालेला रंग काढणे कठीण, कारण खाली दुसरा रंग असतो आणि तोही सुटून येतो. काच त्या मानाने गरीब.

रविवारी सकाळी आम्ही पोराबरोबर गेलो. आधी काच साबणाच्या पाण्याने भरपूर धुऊन घेतली. हे काम पुष्कळ जण टाळतात आणि मग काचेवरची धूळच फडक्याखाली घासली जाऊन ओरखडे पडतात. इमारतीच्या भिंतीचा पाण्याचा रंग उडालेला असेल तर कोमट साबणपाण्यात फडके भिजवून दहा मिनिटे काचेवर ठेवावे. बराचसा रंग तेवढ्यानेच सुटतो. गाडीच्या रंगाला मात्र थिनर लागतो. थिनर काचेवर ओतायचा नाही. सुती फडक्याचा कोपरा ओला करायचा, थोड्या जागेवर दाबून धरायचा, मग पुसायचे. फडक्याची बाजू सारखी बदलायची, नाहीतर काढलेला रंगच पुन्हा फासला जातो. काचेभोवतीचे रबर, प्लॅस्टिक आणि पत्रा यांवर आधी टेप लावून घ्यावी. थिनरला काच आणि पत्रा यांतला फरक कळत नाही.

जे ठिपके राहिले ते ब्लेडने. ब्लेड कोरे हवे, गंजके नको. काच साबणपाण्याने ओली ठेवायची, ब्लेड जवळजवळ आडवे धरायचे आणि एकाच दिशेने पुढे ढकलायचे. मागे ओढले की अडकलेला कण काच खरवडतो. बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावर कधीकधी बारीक कण चिकटलेले असतात आणि ते ब्लेडखाली आले की लांब रेघ उठते. म्हणून तिथे थिनरवरच भर द्यावा, ब्लेड अगदी शेवटी. मागच्या काचेला आतून तापणाऱ्या तारांच्या रेघा असतील तर आतल्या बाजूला ब्लेड लावूच नये. भांडी घासायची तारेची घासणी आणि पॉलिश पेपर यांना तर हातही लावू नये. दिवसा न दिसणारे ओरखडे रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यात असे चमकतात की चालकाला रस्ता दिसत नाही. वायपरचे रबरही पुसायला विसरू नये.

अडीच तास लागले. काच स्वच्छ झाली.

काम करता करता पोराचे हात पाहिले. रोज संध्याकाळी हे लोक थिनरनेच हात धुतात. कातडी पांढरी पडून तडकलेली. थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रव्ये असतात, ती वाफेतून छातीत आणि कातडीतून अंगात जातात. हाताला गोडे तेल चोळावे, रंग सुटला की साबणाने धुवावे. वेळ जास्त लागतो एवढेच. दोन भागांच्या रंगात जे हार्डनर घालतात, त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही, मग तो ओला असो की कोरडा. त्याला योग्य गाळणीचा मास्क हवा आणि तो देणे मालकाचे काम आहे. मुलगा अशा कामाला असेल तर घरच्यांनी संध्याकाळी खोकल्याची चौकशी करावी. आणि थिनर उघडा असताना जवळ विडी नको.

आता पगाराचे. नुकसानीपोटी वेतन कापायचे असेल तर आधी कामगाराला आपले म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. आम्ही शेठना हे भांडण न करता सांगितले. वाऱ्यात, उघड्यावर, शेजारची गाडी न झाकता फवारा मारायला पोराला कोणी सांगितले, हेही विचारले. शेठ म्हणाले, "जागा कुठे आहे, भाऊ?" तेही खोटे नव्हते. पण एक प्लॅस्टिकची ताडपत्री केवढ्याला येते?

पगारातून काही कापले गेले नाही. त्या गाडीच्या डाव्या हेडलाइटवर मात्र एक पांढुरका डाग राहिला आहे. हेडलाइट काचेचा नसून प्लॅस्टिकचा होता, आणि शनिवारी घाबरून पोराने तो थिनरने पुसला होता. गाडीवाल्याला ते पोराने स्वतःच दाखवले.