हा 'खैरख्वाह' कोण?

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी. दहावीपर्यंत माझ्या हाताखाली उर्दू आणि मराठी शिकली. बारावीनंतर नर्सिंगसाठी नागपूरला जायचं ठरलं. बापाने फीचे पैसे कसेबसे जमवले, होस्टेलही पाहून ठेवलं. आणि एका रात्री जमातीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरला. बाहेरगावी शिकायला गेलेल्या पोरी काय करतात, कोणाबरोबर फिरतात, आणि 'आपल्यातलीही एक' आता निघाली आहे. मुलीचं नाव नव्हतं, पण गल्ली होती, बापाचा धंदा होता. नाव सोडून सगळं होतं. खाली सही : 'एक खैरख्वाह', म्हणजे हितचिंतक. कोणी लिहिलं ते कळायला मार्ग नाही. जो तो म्हणतो, मला वरून आला, मी पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांना भेटलो. म्हणाले, "सर, आता नाही पाठवत. लोक बोलायला लागले."

"कोणते लोक?"

"ते कसं सांगू? नाव कुठे आहे त्यावर?"

त्या ग्रुपमध्ये मीही आहे. मजकूर मी रात्रीच वाचला होता आणि फोन बाजूला ठेवून झोपलो होतो. तेव्हा हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे, मग त्या खैरख्वाहाविरुद्ध.

काही तरुण मला सांगतात, "सर, कोण बोलला ते कशाला बघता? काय बोलला ते बघा." ऐकायला बरं वाटतं. पण गंमत अशी की हे खैरख्वाह आपल्या मजकुराची सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या हदीसने करतात. हदीसचं शास्त्र कशावर उभं आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. ते उभं आहे इस्नादवर, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं त्या नावांच्या साखळीवर. सांगणारे कोण होते, कसे वागत होते, त्यांची स्मरणशक्ती कशी होती, याची छाननी करायला आपल्या विद्वानांनी अस्मा-उर-रिजाल नावाचं अख्खं शास्त्र उभारलं. साखळीत एक माणूस 'मजहूल', म्हणजे अज्ञात निघाला, तर रिवायत कमजोर ठरते, मजकूर कितीही सुंदर असो. पैगंबरांच्या नावाने सांगितलेली गोष्टसुद्धा आपण बिननावाच्या माणसाकडून घेत नाही, आणि शेजाऱ्याच्या लेकीविषयीची गोष्ट घेतो! सूरह हुजुरातने खबर आल्यावर आधी खात्री करायला सांगितलं आहे. आपण आधी फॉरवर्ड करतो.

ज्या आरोपाला धनी नसतो तो कुठवर जातो, हे आपल्या चंद्रपूर जिल्ह्याने पाहिलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून सात दलितांना, त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या, भर चौकात बांधून मारलं. नावं घेतली होती अंगात आलेल्या बायांनी. अंगात आलेली बाई बोलते तेव्हा बोलणारी ती नसतेच, दैवत बोलतं! मग जाब कोणाला विचारायचा? खैरख्वाहाचंही तेच. फक्त त्याच्या अंगात समाज येतो.

मग नाव झाकणं नेहमीच वाईट का? नाही. आपल्या राज्यात वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान होतं. 'आडवी बाटली'वर शिक्का मारणारीचं नाव कोणाला कळत नाही. कळू नयेच. दारात दुकानदाराची माणसं उभी असतात आणि घरात पिणारा नवरा असतो. इथे गुप्तता दुबळ्याची ढाल आहे. आणि तरी ती बाई मजहूल नाही. मतदार यादीत तिचं नाव आहे, केंद्रावर ते तपासलेलं आहे.

सत्येंद्र दुबे आठवा. महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराविषयी या इंजिनिअरने थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं. स्वतःची ओळख दिली आणि ती गुप्त ठेवा अशी विनंती केली. ती ठेवली गेली नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने अशा तक्रारदारांची ओळख गुप्त ठेवायचा ठराव काढला. पण त्या ठरावातही निनावी तक्रार घेतली जात नाही. नाव जगापासून झाकायचं, तपासणाऱ्यापासून नाही. माझ्या मते सगळा न्याय या एका वाक्यात आहे.

हे मी अनुभवाने सांगतो. शिक्षणसेवक असताना एका संस्थेतल्या पैशांच्या गडबडीविषयी मी वर बिनसहीचं पत्र पाठवलं होतं. पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. चौकशी झाली नाही. 'पत्र कोणी लिहिलं' याचा शोध मात्र झाला, आणि संशय एका गरीब कारकुनावर गेला. वर्षभर त्याला छळलं. मी रोज त्याच्याबरोबर चहा पीत होतो आणि गप्प होतो. भीती माझी होती, किंमत त्याने मोजली. निनावी पत्र असंच असतं. लिहिणारा सुटतो आणि आजूबाजूचे सगळे संशयित होतात.

शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांनी २००९ मध्ये मिळवला. तिथल्या ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतात. विरोध असेल तर सगळ्यांसमोर बसून सांगायचा. एकाचाही विरोध राहिला तर निर्णय थांबतो. आता विचार करा, त्या सभेत 'एक खैरख्वाह' कुठे बसेल? तिथे विरोध करणाऱ्याला तोंड लपवावं लागत नाही, कारण त्याचं ऐकलं जातं. आपल्या बैठकांत वेगळं बोलणाऱ्याला आधी गप्प करतात, मग लोक अंधारातून बोलतात. हा दोष मात्र आपल्या बुजुर्गांचा आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सासरी छळ होणाऱ्या बाईने, नोकरी जाईल म्हणून भिणाऱ्या मजुराने नाव झाकावं. आपण सगळ्यांनी मिळून ते झाकावं. पण तिच्याविषयी निर्णय घेऊ शकणाऱ्या मर्दाने, जमातीत पहिल्या सफमध्ये उभं राहणाऱ्याने, एका पोरीच्या शिक्षणावर अंधारातून दगड मारायचा आणि त्याला इस्लाह म्हणायचं, हे चालणार नाही. ही गीबत आहे, आणि तीसुद्धा भित्र्याची.

त्या मुलीचं हे वर्ष गेलं. पुढच्या वर्षी प्रवेश पुन्हा निघतील. तिच्या वडिलांबरोबर मी स्वतः नागपूरला जाणार आहे, आणि हे ग्रुपवर माझ्या नावाने लिहिलं आहे. खैरख्वाहसाहेब, हरकत असेल तर जुम्याच्या नमाजनंतर मी बाहेर थांबतो. या आणि तोंडावर सांगा.