डाळिंबाच्या मुळ्या उकळून पिऊ नका आणि विकूही नका



पंधरा दिवस झाले, आपल्या भागातल्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. डाळिंबाच्या मुळाची साल मूठभर घ्या, उकळा, रोज सकाळी उपाशीपोटी प्या. जंत जातील, गॅस जाईल, शुगर उतरेल, मूळव्याध बसेल. खाली हात जोडल्याचं चित्र आणि 'पुढे पाठवा'. त्याच्या मागोमाग टेम्पोही फिरायला लागलाय. मर लागून उपटलेल्या बागेच्या मुळ्या द्या म्हणतो, साल सोलून वाळवून दिली तर भाव जास्त. नांदगाव, मालेगाव, देवळा, सटाणा, कुठंही जा, उपटलेल्या बागांना तोटा नाही. त्यामुळं त्याला माल मिळतोय.

मला या दोन्हींवर बोलायचंय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

सगळ्यात मोठा घोळ 'साल' या शब्दाचा आहे. आपण फळाच्या टरफलालाही साल म्हणतो, खोडाच्याही सालीला साल आणि मुळाच्याही सालीला साल. आजी पोट बिघडल्यावर चिमूटभर द्यायची ती फळाची वाळवलेली साल. तुरट असते, पोट आवळून धरते. हिरडा, बाभळीची साल, आंब्याची कोय, सगळ्यांचा तुरटपणा टॅनिनचा, तसाच हिचाही. दाडिमाष्टक चूर्ण मेडिकलवर मिळतं, त्यातलं डाळिंबही फळाचंच. मुळाचा त्याच्याशी संबंध नाही. मेसेजवाल्यानं आजीचं नाव घेऊन भलतीच साल गळ्यात मारलीय.

मुळाची साल तुरट तर आहेच, पण तिच्यात टॅनिनशिवाय दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती फळाच्या सालीसारखी गरीब नाही. 1878 साली फ्रान्सच्या तांरे नावाच्या औषधशास्त्रज्ञानं ती वेगळी काढली. क्विनीन शोधणाऱ्या पेलेतिए यांच्या नावावरून तिला पेलेटिएरिन म्हणतात. (दहावी पास माणसाला हे कुठून कळलं म्हणाल, तर पुतण्या बी फार्म झालाय. त्याच्या पुस्तकात आहे. मी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.) हे द्रव्य पोटातल्या चपट्या जंताला, म्हणजे पट्टकृमीला, लुळं करतं. जंताची आतड्यावरची पकड सुटते, वरून जुलाब दिला की तो बाहेर पडतो. आपल्याकडचे वैद्य हे पूर्वीपासून करत होते, इंग्रज डॉक्टरांनी ते इथूनच उचललं. म्हणजे मुळाच्या सालीनं जंत पडतो ही गोष्ट खोटी नाही. मी ती खोटी म्हणतच नाही.

पण जे जंताला लुळं करतं ते माणसाला सोडत नाही. प्रमाण जास्त झालं की चक्कर, उलटी, पायात गोळे, अंगातला जोर जाणं, नजर अंधुक होणं. फार झालं तर दिसायचंच बंद होतं. पोटुशी बाईनं तर तिला हातही लावू नये. आणि प्रमाण ठरवणार कोण? झाडागणिक ते द्रव्य कमी-जास्त, ओल्या सालीत वेगळं, ठेवून वाळलेल्या सालीत वेगळं. जुन्या औषधवाल्यांनीच लिहून ठेवलंय की साल जुनी झाली की तिचा गुण उतरतो. मग 'मूठभर' म्हणजे कुणाची मूठ? माझी का माझ्या नातवाची? वैद्य ती एकदा द्यायचे, समोर बसवून, जुलाबासकट. रोज सकाळी चहासारखी प्या असं कुणी सांगितलं नव्हतं. शुगर आणि गॅस तर त्यात कधी नव्हतेच.

आता आपल्या धंद्याचा भाग.

आजीच्या परसातल्या डाळिंबाला शेणखत आणि भांड्यांचं पाणी मिळायचं. आपल्या भगव्याच्या बुडाला आपण काय काय ओतलंय ते आठवा. मर दिसली की क्लोरोपायरीफॉस आणि प्रोपिकोनॅझोलचं ड्रेंचिंग, त्याआधी कार्बेन्डाझिम. निमॅटोडसाठी दाणेदार. थिमेटवर, म्हणजे फोरेटवर, 2020 च्या शेवटी बंदी आली, पण जुन्या बागांनी ते भरपूर खाल्लंय. खोडकिड्यासाठी गेरूच्या लेपात पुन्हा क्लोरोपायरीफॉस आणि ब्लायटॉक्स. तेल्यासाठी बोर्डो तर धुवाधार. यातलं क्लोरोपायरीफॉस पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीला आणि सालीला धरून बसतं. प्रोपिकोनॅझोल झाडात भिनतं. तांबं तर कुजतच नाही, ते जिथं पडलं तिथं राहिलं. आणि हे सगळं आपण बरोबर त्याच जागी ओतलं जिथली साल आता सोलून विकतोय. बाग मेली तीच मुळी इतकं ओतूनही वाचली नाही म्हणून. म्हणजे मर लागलेल्या झाडाच्या मुळीवर सगळ्यात जास्त मारा झालेला असतो. औषध म्हणून नेमकी तीच निवडली जातेय.

डब्याच्या लेबलवर काढणीआधी इतके दिवस थांबा असं लिहिलेलं असतं. ते फळासाठी. मुळीसाठी कुणी दिवस मोजलेले नाहीत, कारण मुळी कुणी खाईल असं कंपनीच्या आणि सरकारच्या स्वप्नातही नव्हतं. युरोपला डाळिंब पाठवायचं तर अनारनेटवर नोंदणी, रेसिड्यूचा रिपोर्ट, प्लॉटचा नंबर. जरा अंश जास्त निघाला तर माल परत. तिकडच्या माणसाच्या तोंडात दाणा जायच्या आधी प्रयोगशाळा लागते आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्याला ड्रेंचिंगची मुळी उकळून द्यायला मोबाईलवरचा मेसेज पुरतो. हे मला पटत नाही.

आमच्या नात्यातल्या एका सत्तरीच्या माणसानं चार दिवस हा काढा घेतला. पाचव्या दिवशी भिंत धरून चालायला लागले, समोरचं दिसंना, उलट्या सुरू. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं काय घेतलं, तर घरचे म्हणे आयुर्वेदिक आहे, त्याचं काही नाही. बागेत काय काय सोडलं होतं ते कुणी सांगेना. मी गेलो तेव्हा फवारणीची वही घेऊन गेलो. माणूस वाचला. पण त्रास झाडाच्या विषाचा का डब्यातल्या, ते शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. तशी वेळ कुणावर आलीच तर 108 ला फोन करा, उरलेला काढा आणि मुळीचा तुकडा सोबत न्या, बागेत काय मारलं ते डॉक्टरांना लपवू नका.

काही जण म्हणतील, तू आयुर्वेदाच्या विरोधात. अजिबात नाही. शिकलेल्या वैद्यानं नाडी बघून, माल कुठला ते बघून दिलं तर घ्या. पण टेम्पोवाला वैद्य नाही. जंताची शंका असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन तपासा, पोरांना शाळेत-अंगणवाडीत जंतनाशक दिवसाला अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. चपट्या जंताचं औषध वेगळं आहे, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण डुकराच्या मांसातून येणारा जंत कधी मेंदूतही गाठी करतो. आणि पोराला हगवण लागली तर आधी ओआरएस आणि झिंक. तुरट देऊन पोट बांधलं म्हणजे अंगातलं गेलेलं पाणी परत येत नाही.

विकणाऱ्यांचं मला कळतं. चार-पाच वर्षं पोसलेली बाग जेसीबीनं उपटताना काय होतं ते मी बघितलंय, जेसीबीचं भाडंही अंगावर येतं, वरून कर्ज. त्यात कुणी मुळीचे पैसे देतो म्हटला तर हात पुढं होतोच. पण दुसरीही बाजू बघा. मर ही सेराटोसिस्टिस बुरशीची. ती रोगट लाकडातून आणि मुळाच्या मातीतून पसरते. म्हणून तर शिफारस अशी की झाड उपटलं की बागेतून ओढत न नेता जाळून टाका. आणि आपण त्याच मुळ्या टेम्पोत भरून शिवारभर फिरवतोय. टेम्पो चांदवडच्या बाजूला चांगल्या बागेच्या बांधाला उभा राहतो, मुळ्या खाली उतरवतो, वर दुसऱ्या चढवतो. ज्याची बाग अजून हिरवी आहे त्यानं त्याला बांधावर येऊच देऊ नये.

कृषी सहायक आणि कृषी विज्ञान केंद्राची मंडळी हे पान वाचतात, मला माहीत आहे. त्यांना एकच मागणं. ड्रेंचिंग झालेल्या दोन-चार बागांच्या मुळांची साल एकदा प्रयोगशाळेत लावा आणि जो रिपोर्ट येईल तो इथं टाका. मुळ्या मी माझ्या खर्चानं पोचवतो. फवारणीच्या तारखा वहीत आहेत, त्याही देतो.