‘सिस्टर’ म्हणताना

रुग्णालयात पाऊल टाकले की आपण परिचारिकेला सहज ‘सिस्टर’ म्हणतो. हा शब्द ख्रिस्ती धर्मभगिनींच्या परंपरेतून आलेला आहे. हाक बहिणीची, वागणूक मात्र हुकमाची, असे कित्येक वॉर्डांत दिसते. म्हणून या शब्दामागचे शिक्षण आपण समजून घ्यावे, असे मला वाटते.

१८३६ साली जर्मनीत कायझर्सवेर्थ येथे पास्टर फ्लीडनर यांनी धर्मसेविकांना शुश्रूषेचे शिक्षण देण्यास आरंभ केला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तेथेच शिकल्या. आपल्याकडे १८९४ साली मिरजेत डॉ. वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय उघडले. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९०९ मध्ये परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. १९४६ मध्ये तेथे पदवी अभ्यासक्रमही आला. परक्याचे मलमूत्र उचलणे जेथे ठरावीक जातींवर लादलेले होते, तेथे ते काम शिकलेल्या मुलीने करावे ही साधी गोष्ट नव्हती. शिष्यांचे पाय धुणारा येशू ज्यांच्या डोळ्यांपुढे होता, त्यांना ते हलके वाटले नाही.

श्रद्धेवर उभे असलेले शिक्षण म्हणजे खाटेशेजारी धर्मोपदेश, असा आक्षेप घेतात. असहाय रुग्णाला उपदेश करणे गैरच आहे. पण बायबलातील चांगला शोमरोनी काय करतो? वाटेवरच्या जखमी माणसाला तो धर्म विचारत नाही. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, उतारशाळेत नेतो, काळजी घेतो आणि पुढची व्यवस्थाही लावून जातो. संपूर्ण माणसाची शुश्रूषा ती हीच. मधुमेही रुग्णाला इंजेक्शन देणे हे जसे शास्त्र, तसेच तो घरी काय खातो, कशाला भितो, त्याला कोण पाहते, हे जाणून घेणेही शास्त्रच. ते शिकवावे लागते.

धोका आहे तो वेगळाच. ‘सेवाभावा’चे नाव पुढे करून परिचारिकेला तुटपुंज्या पगारावर राबवता येते. सारा वॉर्ड एकटीवर टाकला, तर ती रुग्णाशी बोलणार केव्हा? शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला रोख पैसे मोजले होते. फुकट सेवा मागितली नव्हती!

आपण कला शाखेचे विद्यार्थी माणूस समजून घेण्यासाठीच शिकतो ना? मग ‘मुलगी हुशार आहे, नर्सिंगला कशाला घालता?’ हा घरोघरचा प्रश्न आपणच आधी बंद करू या. तेव्हाच ‘सिस्टर’ ही हाक खरी ठरेल.