विश्लेषण : ‘को ०२३८’ उसाला लाल कूज का भोवली? महाराष्ट्राने काय शिकावे?

उत्तर प्रदेशच्या साखर उद्योगाला उभारी देणारा ‘को ०२३८’ हा उसाचा वाण लाल कूज (रेड रॉट) रोगाला बळी पडला आहे. या वाणाचे जनक डॉ. बक्षी राम यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तेथील शेतकऱ्यांना हाच वाण कमी करण्याचा सल्ला दिला जात होता. संशोधन फसले, की त्याचा वापर चुकला?

वाण इतका लोकप्रिय का झाला?

कोइम्बतूरच्या ऊस प्रजनन संस्थेच्या कर्नाल (हरियाणा) येथील केंद्रात डॉ. बक्षी राम आणि सहकाऱ्यांनी हा वाण विकसित केला. २००९ मध्ये तो उत्तर भारतासाठी अधिसूचित झाला. जास्त टनेज आणि जास्त साखर या दोन गोष्टी एकाच वाणात सहसा मिळत नाहीत. येथे त्या मिळाल्या. उत्तर प्रदेशातील सरासरी साखर उतारा सुमारे नऊ टक्क्यांवरून अकरा टक्क्यांच्या पुढे गेला, त्यात या वाणाचा मोठा वाटा होता. दशकभरात राज्यातील ८० टक्क्यांहून अधिक ऊस याच एका वाणाचा झाला.

लाल कूज म्हणजे काय?

‘कोलेटोट्रायकम फाल्केटम’ या बुरशीमुळे हा रोग होतो. त्याला ‘उसाचा कर्करोग’ म्हटले जाते. वरून तिसरे-चौथे पान पिवळे पडून वाळू लागते. ऊस उभा चिरला तर आतला गर लाल दिसतो, त्यात आडवे पांढरे पट्टे असतात आणि आंबूस वास येतो. बुरशी कांड्याच्या आत असल्याने लक्षणे दिसल्यावर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही.

मातीचा काय संबंध?

रोगाचा मुख्य प्रसार बेण्यातून होतो. मात्र रोगट अवशेष जमिनीत राहिले तर पुढच्या लागणीलाही धोका असतो. पाणी साचणाऱ्या जमिनीत आणि पुराच्या पाण्याबरोबर रोग झपाट्याने पसरतो. म्हणून रोगट बेटे मुळासकट काढणे, निचरा सुधारणे, खोडवा न घेणे आणि भातासारख्या पिकाची फेरपालट करणे हे उपाय सांगितले जातात.

मग दोष वाणाचा का?

नाही. प्रसारित झाला तेव्हा हा वाण लाल कुजीला बऱ्यापैकी दाद देत नव्हता. पण लाखो हेक्टरवर एकच वाण उभा राहिला, की त्याची प्रतिकारशक्ती भेदणाऱ्या बुरशीच्या नव्या प्रकाराला मोकळे रान मिळते. तसाच ‘सीएफ १३’ हा प्रकार पुढे आला. इतिहासही हेच सांगतो. १९३०च्या दशकाअखेर उत्तर प्रदेश व बिहारमध्ये ‘को २१३’ हा तेव्हाचा लाडका वाण याच रोगाने मोडीत काढला होता.

महाराष्ट्राची स्थिती काय?

राज्यात लाल कूज तुलनेने कमी आहे. येथे काणी, तांबेरा, गवताळ वाढ आणि पोक्का बोइंग यांचा त्रास अधिक. पण एका वाणावरचे अवलंबित्व येथेही आहे. ‘को ८६०३२’ अनेक वर्षे सर्वाधिक क्षेत्रावर आहे. त्याखालोखाल ‘फुले २६५’ क्षारपड जमिनीत तग धरतो म्हणून पसरला. ‘को ८६०३२’चा एक पालक ‘कोसी ६७१’ हा वाण दक्षिणेत लाल कुजीनेच मागे पडला होता, हे विसरता येणार नाही.

पुढे काय?

शेतकरी टनेज पाहतो, कारखाना उतारा. दोघांचा हिशेब आपापल्या जागी बरोबर असतो. पण त्यातून तयार होणारी सामूहिक जोखीम कोणाच्याच खात्यावर लिहिली जात नाही. एकट्या शेतकऱ्याने वाण बदलून ती टळणार नाही. ऊसनोंद कारखान्याकडे होते, म्हणून कार्यक्षेत्रात एका वाणाचा वाटा किती असावा याची मर्यादा तेथेच ठरू शकते. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशा तीन टप्प्यांतील निरोगी बेणेही कारखान्यांनीच पुरवायला हवे. नवा वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. जुना वाण कोसळायला दोन-तीन पावसाळे पुरतात. रोग दारात येण्याआधीच पर्याय शेतात उभे असायला हवेत, हाच उत्तर प्रदेशचा धडा आहे.